आत ओढलेला होकार

आमच्या क्वार्नसेले गावात 'व्हय' हा शब्द बोलत नाहीत, आत ओढतात. ओठांचा चंबू करायचा आणि बशीतल्या गरम कॉफीचा पहिला घोट ओढावा तसा वारा आत घ्यायचा. श्शुप्. झाला होकार. जमिनीचा सौदा असो, नाहीतर आणखी कॉफी पाहिजे का असं कुणी विचारलेलं असो, एवढ्यावर भागतं. चर्चमध्ये लग्नाला उभा राहिलेला एक नवरदेव असाच श्शुप् म्हणाला. पाद्री दक्षिणेकडून नवा आलेला. त्याला वाटलं, पोरगं घाबरलं. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा श्शुप्. तिसऱ्यांदा विचारल्यावर नवरीच खेकसली, "आवं पाद्रीबाबा, तीनदा व्हय म्हणालाय त्यो! आता काय तीन संसार मांडू का मी?"

आणि 'नाही' म्हणायचं असलं की काहीच करायचं नाही. गप्प राहायचं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचं. समोरचा काय ते समजतो आणि हवापाण्यावर बोलायला लागतो. गप्प बसलेल्या माणसाला पुन्हा विचारणं म्हणजे आमच्यात त्याला चारचौघांत नागडं करण्यासारखं आहे.

हे आधीच सांगून ठेवते, कारण आमची डॉक्टर सिगब्रित सरत्या हिवाळ्यापासून एकाच ठिकाणी रुतून बसली होती. वालफ्रिद त्या दिवशी 'व्हय' म्हणाला होता, की गप्प बसला होता? एवढंच तिला पाहिजे होतं. बाकी काही नको होतं.

मी टीरा. तिच्या दवाखान्यातली नर्स. तिच्याबरोबर जेवले, भांडले, तिची गाडी बर्फातून ढकलली, म्हणून सांगते.

सिगब्रितचा बाप नदीवरचा माणूस. वसंतात बर्फ फुटलं की ओंडके पाण्यात सोडायचे आणि आकड्याच्या काठीनं ढकलत किनाऱ्याकडच्या गिरणीपर्यंत न्यायचे, हा त्याचा धंदा. घरात पोरं चिक्कार, बूट कमी. त्या काळी डॉक्टर अधूनमधून यायचा. लांब कोट, दक्षिणेची भाषा. सिगब्रितच्या आईला त्यानं विचारलं, भूक लागते का? श्शुप्. झोप येते का? श्शुप्. पोट साफ होतं का? श्शुप्. डॉक्टरानं तेच परत परत विचारलं, गंभीर तोंड केलं आणि दम्याचं औषध लिहून दिलं. आईनं ते आणलं, वास घेतला आणि गाईला पाजलं. गाईला काही झालं नाही.

चुलीपाशी बसून सिगब्रित हे बघत होती. पुढं ती सगळ्यांना सांगायची, "त्याच दिवशी ठरवलं मी. आपल्या माणसाचा श्वास ऐकायला आपलंच माणूस पायजे."

आणि झाली की डॉक्टर. किनाऱ्यावरच्या मोठ्या इस्पितळात चांगली खुर्ची मिळत होती, ती सोडून आमच्याकडं परत आली. लोक म्हणाले, लग्न मोडलं असणार. लग्न झालंच नव्हतं. अंगानं थोराड, हात ओंडकेवाल्याचे, वरच्या ओठाखाली सदा तंबाखूची चिमूट. बोली तिनं सोडली नाही. शिकून आलेली माणसं आठ दिवसांत दक्षिणेसारखी बोलायला लागतात, जीभ विकून आल्यासारखी. सिगब्रित किनाऱ्यावरच्या मोठ्या डॉक्टरांशीसुद्धा आपल्याच बोलीत भांडायची. त्यांना निम्मं कळायचं नाही, म्हणून ते हिचं ऐकायचे.

अशी बाई मोबाईलच्या नावानं बोटं मोडत असणार, असं वाटेल. उलटं होतं. जिल्ह्यानं तिला फोन दिला, त्यात डॉक्टरांची अ‍ॅपं घालून दिली, आणि ती त्या फोनला अशी चिकटली की मला त्याचा हेवा वाटायचा. म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायची, एकेक नाव फोनवर घालायचं, आणि कुठली गोळी कुठल्या गोळीच्या जिवावर उठते ते तिथंच बघायचं. पाठीवरच्या काळ्या तिळावर भिंग लावून फोटो काढायचा, किनाऱ्यावर धाडायचा, कॉफी संपायच्या आत उत्तर. आधी त्याच तिळासाठी माणूस पाच तास बसमध्ये बसायचं आणि परत येईस्तोवर चार किलोनं उतरायचं.

शाळेच्या बसचा ड्रायव्हर एकदा दवाखान्यात आला. तोंड राखेसारखं. सिगब्रितनं दोन पत्र्यांची छोटी पट्टी त्याच्या बोटांखाली सरकवली, फोनवर हृदयाची रेघ उमटली, तिनं ती तशीच धाडली. तो आपला जर्सीची बटणं लावतोय तोवर हेलिकॉप्टर निघालंसुद्धा. तो अजून बस चालवतो. "ह्या डबीनं वाचिवलं लेका तुला," ती म्हणाली. तो म्हणाला, "मग बिल डबीलाच लाव."

वाकडंही व्हायचं. नोंदी बोलून लिहायचं एक अ‍ॅप आलं होतं. तिनं सांगितलं, "पोरीला हगवण लागलीया." अ‍ॅपनं लिहिलं, "पोरीला हवामान लागले आहे." किनाऱ्यावरून कुणीतरी विचारणा केली, म्हणजे नक्की काय. सिगब्रितनं कळवलं, "पातळ हवामान." आम्ही आठवडाभर हसलो.

मग तिच्या एकटीवर तीन गावं टाकली. माणसं मिळत नव्हती. सगळीकडं गाडी नेणं तिला जमेना, तेव्हा टॅबलेट आले. घरोघरी वाटले. बटण दाबायचं की सिगब्रित समोर. लोक काय करायचे, टॅबलेट मांडीवर ठेवायचे आणि वरून वाकून बघायचे, म्हणजे तिला दिसायचं फक्त कपाळ आणि छताचा दिवा. "सगळ्या गावाची कपाळं पाठ झाली माझी," ती म्हणायची. "आता रस्त्यात तोंड दिसलं तर वळखू येत न्हाई." पण तिला ते आवडायचं. वर्षानुवर्षं तिची दुपारची जेवणं गाडीच्या स्टिअरिंगवर झाली होती. आता ती ताटात जेवायला लागली.

वालफ्रिद तिच्या वर्गातला. लाकूडकापा, मूस हरणाच्या शिकारीत कुत्रा धरणारा. बोलणं इतकं कमी की त्याची बायको आल्फहिल्द म्हणायची, मी भिंतीशी लग्न केलं असतं तर निदान तिच्यावर चित्र तरी लावता आलं असतं. त्याच्याही ओठाखाली कायम चिमूट. ती असली की तोंड उघडायचं कारणच उरत नाही.

मार्चात वादळ आलं, रस्ता बंद पडला. त्याच दिवशी आल्फहिल्दनं वालफ्रिदला खुर्चीत बसवलं, टॅबलेट त्याच्या हातात दिला आणि स्वतः बटण दाबलं. दवाखान्यात मी खोलीतच होते, पट्ट्या गुंडाळत होते. सिगब्रितनं कानात इअरफोनचे ते छोटे बोंडुक घातलेले, त्यामुळं मला फक्त तिचंच बोलणं ऐकू येत होतं.

"काय रं वालफ्रिद, कपाळ बरं दिसतंय."

मग जरा ऐकलं.

"आल्फहिल्द म्हणतीया पोटात जळजळतं. जेवल्यावर?" ऐकलं. "बरं. लाकडं ओढताना, बर्फ ढकलताना, छातीत आवळल्यागत हुतं का?"

थांबली. पडद्याकडं बघत राहिली. मग मान हलवली.

"डाव्या हातात कळ येती?"

थांबली. मान हलवली.

"जिन्यावर दम लागतो?"

थांबली. मान हलवली.

"मग पित्त हाय. गोळ्या धाडते, वादळ निवळलं की दुकानात येतील. तोवर कॉफी कमी कर." आणि हसली. "कमी कर म्हणलं की कपाळाला आठ्या बघ कशा पडल्या."

तिनं नोंद केली. डॉक्टरांच्या नोंदीची एक भाषा असते, ती माणसांची नसते. पेशंट एखाद्या गोष्टीला हो म्हणाला नाही, तर लिहायचं 'नाकारतो'. छातीत आवळणे: नाकारतो. हातात कळ: नाकारतो. दम लागणे: नाकारतो. मग पुढच्या कपाळाला बोलावलं.

वादळ गेलं, लखलखीत ऊन पडलं. वालफ्रिदनं गोळ्या आणल्या, घेतल्या, आणि तळ्यावर गेला. बर्फाला भोक पाडलं, रेनडिअरचं कातडं अंथरलं, गळ सोडून बसला. मार्चातल्या उन्हात आमच्याकडं अर्धं गाव असंच बसलेलं असतं. तो तसाच बसलेला होता, म्हणून बराच वेळ कुणाला काही वाटलं नाही. कुत्र्याला मात्र भूक लागली आणि ते घरी निघून आलं.

मेला म्हणून लिहायला सिगब्रितच गेली. मी बरोबर. तिनं हातमोजा काढला, त्याच्या गळ्याला बोटं लावली, पुन्हा हातमोजा घातला. गळाची दोरी त्याच्या मुठीत होती, ती सोडवायला वेळ लागला. दोरीला मासा होता. तो शेजाऱ्यानं काढून भोकात परत टाकला. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. काही वाटलं नाही. येताना गाडीत मी तिला तसं म्हणाले.

"मला बी न्हाई," ती म्हणाली. "हीटर वाढव जरा."

तिनं रजा काढली नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली, फोन चार्जिंगला लावला, कपाळं बघायला लागली. तिच्या बोलण्यात काही फरक नव्हता. पण मला खोलीत गेल्यावर टेबलावर भरलेले कप दिसायचे. ओतलेली कॉफी प्यायची विसरत होती. एकदा तिच्या ओठाखाली चिमूट नव्हती, तंबाखूची डबी खिशात होती. मी विचारलं, सोडलीस का? ती म्हणाली, "काय?"

दफनाला ती गेली, मागच्या बाकावर बसली, कॉफीला थांबली नाही. आल्फहिल्दनंही तिला थांब म्हटलं नाही.

मग एप्रिलात दवाखान्याला नवे टॅबलेट आले. जुन्यांसारखेच, फक्त चकचकीत. तिनं मला एक घेऊन शेजारच्या खोलीत बसवलं, नीट चालतायत का बघायला. दार उघडंच होतं. तिच्या एका कानात बोंडुक, दुसरा कान मोकळा.

"टीरा, ऐकू येतंय का?"

"श्शुप्."

मग म्हणाली, "परत म्हण."

"काय?"

"व्हय म्हण. आपल्यागत."

"श्शुप्."

दारातून मला तिची पाठ दिसत होती. तिनं मोकळ्या कानात बोट घातलं. "परत." मी केलं. "जवळ धरून." मी टॅबलेटला जवळजवळ चाटतच केलं. तिनं कानातलं बोट काढलं. "परत." केलं. पुन्हा बोट घातलं.

"दारातनं येतंय," ती म्हणाली. "ह्यातनं येत न्हाई."

मी म्हणाले, खोक्यावर लिहिलंय, आजूबाजूचा आवाज गाळायची सोय आहे म्हणून. वारा, पंखा, फ्रीज. बोलणं तेवढं पोचवतो.

"आन् आपलं व्हय वाऱ्यात धरतोय," ती म्हणाली.

मला हसू आलं होतं. खरंच गमतीचं होतं ते. तिची पाठ बघून हसू गेलं.

"टीरा, माझ्या कानात तवा काईच आलं न्हाई," ती म्हणाली. "वालफ्रिद गप बसलाय असं वाटलं. गप बसला म्हंजी न्हाई. म्हणून मी फुडं गेले."

त्या दिवसापासून तिनं हिवाळ्यातल्या एकेका माणसाला साधा फोन लावायला सुरुवात केली. जे विचारलं होतं तेच पुन्हा विचारायचं. लोक वैतागले. "आगं सिगब्रित, मागल्या येळी सांगितलं की तुला! डोसकं ठिकाणावर हाय का?" ती म्हणायची, "न्हाई, तोंडानं बोल. वारा घिऊ नगं." एका म्हातारीनं फोनच ठेवून दिला. बहुतेकांनी हिवाळ्यातही श्शुप् म्हटलेलं होतं. दोघाचौघांना तिनं बोलावून घेतलं, तपासलं, औषधं बदलली. पण गोठेवाला ईवार शपथेवर म्हणाला, मी तेव्हा गप्पच बसलो होतो. म्हणजे दोन्ही होऊ शकतं. वालफ्रिदला विचारायला फोन नव्हता. त्या भेटीचा आवाज कुठं साठवलेला नव्हता, जिल्ह्याचा तसा नियमच होता.

तिनं स्वतःच किनाऱ्यावर कळवलं. तिथून कॉनराड आला, जिल्ह्याचा मोठा डॉक्टर. माणूस चांगला. दक्षिणेकडचा, स्वच्छ बोलणारा, बूट बाहेर काढून मोज्यावर आत येणारा. आमच्या रीतीप्रमाणं मी त्याच्या कॉफीत चीजचे तुकडे टाकून दिले. तो कपात असा बघत होता की त्यात कुणाचं तरी बोट पडलंय.

"सिगब्रित, मी सगळं वाचलं," तो म्हणाला. "हा दोष त्या यंत्रणेचा आहे. आवाज गाळणं आजपासून बंद केलंय, सगळीकडं. तू हे शोधलं नसतंस तर कुणाला कळलंही नसतं. तुझी चूक नाही. तू विचारलंस, तुला उत्तर आलं नाही."

"व्हय म्हणाला असंल तर?"

"ते आता कुणालाच कळणार नाही. कदाचित तो खरंच गप्प बसला असेल. पुरुष माणसं सांगत नाहीत. तू तसंच धरून चाल."

"आल्फहिल्द शेजारी हुती."

"तिच्याकडं जाऊ नकोस. जिल्ह्याकडून रीतसर पत्र जाईल. तू जाऊन काय मिळवणार? तिलाही त्रास, तुलाही."

सिगब्रित काही बोलली नाही. तिला ते पटलं, असं कॉनराडला वाटलं. त्यानं चमच्यानं चीज ढवळलं, आणि मग अगदी भाबडेपणानं, खरोखर समजून घ्यायचं म्हणून विचारलं,

"एक मला कळलं नाही. उत्तर आलं नाही, तर तू पुन्हा का नाही विचारलंस? म्हणजे, मी असतो तर विचारत राहिलो असतो. ऐकू येतंय का, काय म्हणालास, मोठ्यानं बोल. दोनदा, तीनदा."

खोलीत फ्रीज वाजत होता.

"तू विचारलं असतंस," सिगब्रित म्हणाली. "व्हय."

तोंडानं म्हणाली. बाहेर सोडून. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून असा बाहेर सोडलेला होकार मी पहिल्यांदाच ऐकला.

कॉनराडची गाडी गेल्यावर मी मोरीपाशी कप धूत होते. ती आली आणि टॉवेल घेऊन पुसायला लागली. "आईला त्या लांब कोटवाल्यानं दम्याचं औषध दिलं," ती म्हणाली. "पण निदान परत परत इचारलं तरी." तेवढंच. कप पुसून झाला तरी पुसत राहिली, मग मी तो हातातून घेतला.

जायला तिनं आणखी वेळ लावला. नदीवरचं बर्फ फुटलं, रस्त्यांचा चिखल झाला. रोज सकाळी म्हणायची, आज जाऊ. रोज कुणीतरी कपाळ आडवं यायचं. शेवटी मीच म्हणाले, आल्फहिल्दच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून गेल्या असणार, ती दवाखान्याकडं फिरकलेली नाही. तेव्हा तिनं गाडीची किल्ली उचलली.

आल्फहिल्दनं दार उघडलं, आमच्याकडं बघितलं आणि कॉफी ठेवायला वळली. आत या म्हणायची आमच्यात पद्धत नाही, दार उघडं राहिलं की झालं. टेबलावर पातळ भाकरी, लोणी, सुक्या मांसाचे काप. कुत्रं बाकाखाली. खिडकीत टॅबलेट होता, त्याच्यावर जिरेनियमची कुंडी ठेवलेली, पाणी झिरपून पडद्यावर गोल डाग पडला होता. वालफ्रिदची खुर्ची रिकामी होती, सिगब्रित तिच्यात बसली नाही, बाकावर बसली.

आल्फहिल्दनं कॉफी ओतली. आम्ही प्यायलो. नदी किती चढलीय ते बोललो. ईवारच्या गोठ्याचं छप्पर बोललो. मग बोलायचं संपलं.

"आल्फहिल्द," सिगब्रित म्हणाली, "त्या दिशी मी वालफ्रिदला तीन गोष्टी इचारल्या."

आल्फहिल्द लोणी लावत होती.

"छातीत आवळतं का म्हणून इचारलं. त्यो व्हय म्हणाला?"

सुरी थांबली. आल्फहिल्दनं ओठ आवळले आणि वारा आत घेतला.

श्शुप्.

"हाताचं?"

श्शुप्.

"जिन्याचं?"

श्शुप्.

कुत्र्यानं मान वर केली. वालफ्रिद घरात असताना हाच आवाज सगळ्यात जास्त यायचा.

सिगब्रित बसून राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघितलं, तिथं काही नव्हतं. नदीवरून बर्फाचा तुकडा निघून गेल्यावर पाणी जसं असतं तसं.

"मला वाटलं ऐकलंस तू," आल्फहिल्द म्हणाली. "दर येळंला मान हलवलीस."

"मान हलवली ती, त्यो न्हाई म्हणतोय म्हणून."

"न्हाई कुठं म्हणाला?"

"मला ऐकूच आलं न्हाई, आल्फहिल्द. ती डबी आपला वारा गाळती. मला वाटलं, गप बसलाया."

आल्फहिल्दनं ह्यावर विचार केला. भाकरीची गुंडाळी केली, बशीत ठेवली, खाल्ली नाही.

"टॅबलेट ठेवल्यावर जरा हलका झाल्ता," ती म्हणाली. "चार दिस रातीचा उठून बसायचा, छाती चोळत. त्या दिशी म्हणाला, सिगब्रितला सांगितलंया समदं. पित्त म्हणाली, म्हंजी पित्तच असंल. ती आपली हाय, तिला कळतंय." मग म्हणाली, "गोळ्या निम्म्या ऱ्हायल्यात. परत घेता का तुम्ही?"

"घेतो," मी म्हणाले.

ती उठून गोळ्यांचं पाकीट घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवलं. मी ते पिशवीत टाकलं. कुणीच रडलं नाही. कॉफी गार झाली होती, तिनं ती ओतून देऊन दुसरी ओतली.

सिगब्रितनं हात टेबलावर ठेवले. ते ओंडकेवाल्याचे हात, पालथे. "तुला किनाऱ्यावरचा डॉक्टर देता यील," ती म्हणाली. "कॉनराड म्हणून हाय. बरा हाय. नीट इचारतो. माझ्याकडं यायची सक्ती न्हाई तुझ्यावर. पायजे का त्यो?"

आल्फहिल्द गप्प बसली. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली.

मला कळलं. सिगब्रितलाही कळलं असणार, ती ह्याच मातीतली. आता नदीवर बोलायचं, छपरावर बोलायचं, उठायचं. मी पिशवी उचललीसुद्धा.

"आल्फहिल्द," सिगब्रित म्हणाली. "परत इचारते. दुसरा डॉक्टर पायजे का?"

मला खाली बघावंसं वाटलं. आल्फहिल्दचे कान लाल झाले. घड्याळाकडं आणखी जोर लावून बघायला लागली.

"तिसऱ्यांदा इचारते."

"आगं ए, बहिरी झालीस का काय?" आल्फहिल्द ओरडली. कुत्रं बाकाखालून बाहेर आलं. "घसा फोडून गप बसलीया मी हितं! न्हाई म्हणले की! न्हाई! कुणाला नागडं करायला आलीयास?"

"ऐकलं," सिगब्रित म्हणाली. "आता ऐकलं."

 मग आल्फहिल्दनं जर्सीची बाही वर सरकवली आणि हात टेबलावर टाकला, मांस कापायच्या फळीवर टाकावा तसा. सिगब्रितनं रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, हवा भरली. फोन खिशात वाजला, तो तिनं न बघता बंद केला.

"लई चढलाय," ती म्हणाली. "गोळ्या कवापासनं न्हाईत?"

"दफनापासनं."

"डोकं दुखतं का?"

श्शुप्.

सिगब्रितच्या दोन्ही कानांत काही नव्हतं. खोलीत फ्रीजसुद्धा वाजत नव्हता. तिला नीट ऐकू आलं, मला पण आलं.

"काय म्हणालीस?" तिनं विचारलं.

आल्फहिल्दनं माझ्याकडं बघितलं, हिला आवर जरा, अशा नजरेनं. मी पट्ट्याची नळी सरळ करत राहिले.

"व्हय," आल्फहिल्द म्हणाली. "दुखतं."